विसावी प्रत

रबरकाकांना हे नाव कुणी दिलं ते आता सांगता येणार नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम दोनच वस्तू असायच्या, एक चष्मा आणि एक पांढरं मऊ रबर. चष्मा मी करून दिलेला. माझं चष्म्याचं दुकान आहे, लोकांचे डोळे तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे एक गोष्ट मला फार झोंबायची. एवढा घासूनपुसून करून दिलेला चष्मा हा माणूस ऐन कामाच्या वेळी काढून ठेवायचा.

पण आधी ते काम काय होतं ते सांगायला हवं.

तळ्याकाठी एक जुनं विश्रांतिगृह आहे. वर्षातून दोनदा, एकेक आठवडा, तिथं आम्ही एकोणीस माणसं जमतो. एकोणीसच, कारण खाटा तेवढ्याच. सकाळी एका पुस्तकावर बोलायचं, दुपारी जेवून पडायचं, चहानंतर जिन्यातल्या एका चित्रापुढं अर्धा तास खुर्च्या टाकून बसायचं, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास काहीतरी वाजवलेलं ऐकायचं. लोक सुट्टीत हवा खायला जातात, तुम्ही डोकं शिणवायला जाता, असं माझी धाकटी बहीण म्हणते. म्हणू दे. ती तिच्या सुट्टीत काय करते ते मी कधी काढलेलं नाही.

हे सगळं चालवतात त्या बाई. शाळेत शिकवायच्या, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. त्यांनी आठ पुस्तकं ठरवलेली आहेत, प्रत्येकाच्या वीस प्रती. चार वर्षांनी तेच पुस्तक फिरून येतं आणि तोवर माणूस बदललेला असतो, असं त्या म्हणतात. पुस्तकात वाट्टेल तिथं लिहायची मुभा, मात्र पेन्सिलीनं. पेनं आल्या आल्या दाराशी टोपलीत टाकायची. आठवडा संपला की प्रत परत करायची, आणि पुढच्या वेळी ती ज्याच्या हाती पडेल त्याला कोरी मिळाली पाहिजे. "दुसऱ्यानं रेघ मारली की आपला डोळा तिथंच अडकतो," असं बाईंचं म्हणणं.

तर त्या सगळ्या प्रती कोऱ्या करणारे ते रबरकाका. इमारतीची देखभाल, नळ, दिवे, चहाची घंटा हे त्यांचं कामच होतं, पण त्यांचा जीव खोडण्यात. शिवणीकडून बाहेर, एकाच दिशेनं रबर फिरवायचं. उलटसुलट नाही, कागद चुरगळतो. मग दाढीच्या जुन्या ब्रशनं चुरा झाडायचा. मग प्रत दोन फळ्यांमध्ये घालून वर फरशीचा तुकडा ठेवून आठ दिवस दाबायची. "अक्षर गेलं तरी खड्डा राहतो. खड्डा राहिला म्हणजे खोडलं नाही," हे त्यांचं तत्त्व. एकदा मी मुद्दाम पेन्सिल दाबून लिहिलं, तर पुढच्या वेळी ते पान इस्त्री केल्यासारखं सपाट.

आणि हे सगळं चष्मा काढून.

"अहो काका, चष्म्याशिवाय तुम्हाला हातभर अंतरावरचं दिसत नाही. खोडता कसं?"

"दिसत नाही म्हणूनच तर काढतो," ते म्हणाले. "काळं आहे एवढं कळतं. मुंग्या बसल्यासारखं. काय लिहिलंय ते कळायला नको."

यामागं त्यांची चोवीस वर्षांची नोकरी होती. टपाल कचेरीत ते पत्रं लावायला होते. गाव, रस्ता, घर बघायचं आणि खणात टाकायचं. तिथं त्यांच्या शेजारचा एक कारकून उघडी कार्डं वाचायचा आणि जेवणाच्या सुट्टीत सांगायचा. हसण्यावारी चाललेलं. त्यात कुणा बाईचं घरातलं गुपित गावभर झालं, तिनं गाव सोडलं आणि कारकुनाची नोकरी गेली. तेव्हा काकांच्या साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "पत्ता आपला, मजकूर त्यांचा." काकांनी ते गाठीला बांधलं. इतकं घट्ट बांधलं की पुढं सोडवायची वेळ आली तेव्हा गाठच सापडली नाही.

त्यांची बायको, आमच्या काकू, स्वयंपाकघरात. एकोणीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक एकट्या करायच्या. ठेंगण्या, चपळ, आणि तोंडाला लगाम नाही. आमच्यातल्या वकीलसाहेबांनी एकदा मीठ कमी आहे म्हटल्यावर "तुमच्या बोलण्यात आहे तेवढं पुरेल" असं म्हणून पुढं गेल्या. शाळा लवकर सुटलेली, पण कागद दिसला की वाचायच्या. डब्यावरची चिठ्ठी, पुडीचा कागद, खाली अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र. फरशी पुसायला बसल्या आणि तासभर वर्तमानपत्रच वाचत राहिल्या, ही काकांची आवडती तक्रार.

स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये एक लहान खिडकी आहे, ताटं सरकवायची. पहिल्याच वर्षी, आमचं बोलणं रंगात आलेलं असताना, काकूंनी त्या खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाल्या, "बाई, उद्या तासभर मीही बसू का? मागं, कोपऱ्यात. बोलणार नाही."

बाई उत्तर देणार तेवढ्यात काका म्हणाले, "तू बस खुशाल. मग दुपारी या मंडळींना पुस्तकंच वाढू."

सगळी खोली हसली. मीही हसले. चांगली खळखळून हसले, मला आठवतंय. काकूही हसल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते बोलले कारण बोलणं तयार होतं. आम्ही हसलो कारण हसणं तयार होतं. आणि एक बाई, जिला तासभर कोपऱ्यात बसायचं होतं, तिच्यासाठी कुणाकडेच काही तयार नव्हतं.

त्या दिवसानंतर काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र चर्चा सुरू झाली की ती खिडकी चार बोटं उघडी असायची. आम्हांला वाटायचं, वाफ जायला.

पुढच्या वर्षापासून एक बदल झाला. बाई रोज सकाळी एक प्रश्न घेऊन येऊ लागल्या. आम्ही आदल्या दिवशी ताणूनताणून जे बोललेलो असायचो त्याची हवाच काढून टाकणारा प्रश्न. नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची कादंबरी होती, तिचा नवरा निघून गेलेला. ती त्याची वाट बघते, यावर आम्ही दोन तास घालवले. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "ती वाट बघते म्हणता. पण पुस्तकभर ती एकदाही दाराकडे बघत नाही. मग ती कशाची वाट बघते?" जिन्यात एक चित्र होतं. जेवणाचं टेबल, दोन ताटं, एक संपलेलं, एक तसंच. आम्ही उजेडावर बोललो, रंगांवर बोललो. बाईंचा प्रश्न आला, "ही ताटं कोण उचलणार, ते काढणाऱ्याला माहीत आहे का?" चार वाद्यांचं एक वादन ऐकलं, त्यात तिसरं वाद्य बराच वेळ गप्प असतं. त्यावर आला, "ते वाजवणारा तेव्हा ऐकत असतो ना? मग तोही वाजवतोयच. त्याला कुणी का मोजत नाही?"

वकीलसाहेब हे प्रश्न वहीत उतरवून घ्यायचे. आम्ही म्हणायचो, बाई म्हणजे बाई. दहा वर्षं म्हणत राहिलो.

काकू मागच्या शरदातल्या आठवड्यानंतर बाराव्या दिवशी गेल्या. चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं, स्टुलावर बसल्या, "अहो, जरा पाणी द्या" म्हणाल्या, आणि काका पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. मला हे फोनवर कळलं. मी दुकानात एका मुलीचा नंबर काढत होते. तिला तीच ओळ तीनदा वाचायला लावली, तरी माझ्या डोक्यात शिरेना.

वसंतातल्या आठवड्याला आम्ही सगळे गेलो. स्वयंपाकाला नवी बाई होती, कामाला चोख. खिडकी मात्र बंद. पहिला दिवस कसाबसा गेला. दुसरा त्याहून रडका. तिसऱ्या दिवशी सकाळी काका चहाचा ट्रे घेऊन आत आले, आणि नेमके तेव्हाच वकीलसाहेब म्हणाले, "बाई, या खेपेला तुमचा सकाळचा प्रश्न कुठं गेला? त्याशिवाय गाडी रुळावर येत नाही बघा."

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "ते प्रश्न माझे नव्हते. त्यांचे होते."

आणि त्यांनी बंद खिडकीकडे बघितलं.

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या प्रतीवर चहा सांडला, म्हणून त्यांनी कपाटातली जादा प्रत काढली. विसावी. ती कुणालाच दिलेली नसते. उघडून बघतात तर समासात बारीक अक्षरात पेन्सिलीनं भरगच्च लिहिलेलं. आम्ही सकाळी बोलायचो, काकू चार बोटांच्या फटीतून ऐकायच्या, आणि दुपारी आम्ही घोरत पडलो की विसावी प्रत घेऊन स्टुलावर बसायच्या; चित्राबद्दल, वादनाबद्दल सुचलेलंही तिच्यातच लिहायच्या. बाई स्वयंपाकघरात गेल्या. काकूंचे हात पिठात होते. "असू द्या हो बाई," त्या म्हणाल्या, "खोडलं जाणारच आहे. तोवर राहू दे की." बाईंनी विचारलं, काकांना ठाऊक आहे? तर म्हणाल्या, "तुम्ही सांगायचं नाही. सगळं त्यांच्याच हाताखालून जातं ना? दिसेल कधीतरी."

"मी शब्द दिला होता," बाई म्हणाल्या. "दहा वर्षं पाळला. तो मोडायला हवा होता."

काकांनी ट्रे खाली ठेवला. एकही कप हिंदकळला नाही, हे मला अजून दिसतं.

"विसाव्या प्रतीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, ती तुमची पेन्सिल. तुम्ही लिहिता तिच्यात."

 त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याला विसाव्या प्रतीचं काय झालं असेल ते माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं वळसा घालायला गावही नव्हतं, फक्त सदऱ्याच्या खिशापर्यंत हात न्यायचा होता.

"शेवटचं पुस्तक," काका म्हणाले, "ती गेल्यावर चौथ्या दिवशी खोडायला घेतलं मी. हाताला काम हवं होतं. वीसच्या वीस केल्या. विसावीला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मी म्हटलं, बाईंनी या वेळी फारच लिहिलंय."

एवढं बोलून ते बाहेर गेले. त्या दिवशी चर्चा झाली नाही.

जेवणानंतर ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. काखेत आठ पुस्तकं, आठही विसाव्या प्रती. "ताई, तुमच्याकडं ती डोळ्यात मारायची बॅटरी आहे ना? आणि मोठं करून दाखवणारं भिंग?"

माझी पेटी माझ्याबरोबर असतेच. मी म्हटलं, "आहे. पण काका, तुम्ही खड्डासुद्धा ठेवत नाही."

"बघा तरी. एखादं चुकून राहिलं असेल. मीही माणूसच आहे." मग म्हणाले, "घरात तिच्या हातचं एक अक्षर नाही हो. यादीसुद्धा मी लिहायचो, ती सांगायची. लग्नानंतर कुठं गेली नाही, म्हणून पत्रं नाहीत. मी घर उलथंपालथं केलं आत्ता. कुठं काही नाही. एक अक्षर मिळालं तरी पुरे."

चार दुपारी आम्ही बसलो. पडदे ओढून खोली अंधारी करायची, पान टेबलाशी सपाट धरायचं, आणि बॅटरीचा उजेड अगदी आडवा टाकायचा. कागदावर कुठं दबलं असेल तर सावली पडते. मी पान बघायची, काका उलटायचे. पान उलटतानाही बोट शिवणीकडून बाहेर, एकाच दिशेनं. पहिल्या पुस्तकात काही नाही. दुसऱ्यात नाही. मला त्यांच्या कामाचा इतका राग येत होता आणि काम इतकं सुरेख होतं. आयुष्यात कुणी एवढं मन लावून काही केलेलं मी बघितलेलं नाही. थोडा जरी आळशी असता हा माणूस!

पाचव्या पुस्तकात, नाव चालवणाऱ्या बाईच्या गोष्टीत, एका समासात दोन अक्षरं उमटली. मी भिंग धरलं. "पण."

"पण काय?"

"एवढंच आहे. पुढचं गेलंय."

त्या 'पण'पाशी ते तासभर बसले. त्यावरून बोट फिरवायचे नाहीत, जवळ नेऊन थांबायचे. "तिचं असंच होतं," म्हणाले. "मी काही बोललो की आधी पण. मी म्हणायचो, तुझ्या पणला माझं एक वाक्य कधी पुरत नाही." मग म्हणाले, "काय म्हणायचं असेल हो तिला?" मला काय माहीत? मी ती बाई नावेत बसून कशाची वाट बघते एवढंसुद्धा दहा वर्षांत ओळखलं नव्हतं.

शेवटची दुपार. शेवटचं पुस्तक, म्हणजे शरदातलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गुळगुळीत. काका म्हणाले, "झालं. ठेवा आता." मी पुस्तक मिटलं, आणि मिटताना मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर उजेड गेला. पुठ्ठा तो. पानं दाबून सपाट होतात, जाड पुठ्ठा होत नाही. वरचं शिसं काकांनी स्वच्छ पुसलं होतं, पण खालचा वळ तसाच होता. बोथट पेन्सिलीनं, जोर लावून लिहिलेली एक ओळ. मी भिंग न लावता वाचली.

"काही आहे?" काकांनी विचारलं.

मी मान डोलावली. 

"वाचा ना मग."

मी त्यांच्या खिशात हात घातला, चष्मा काढला, माझ्या पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला. मग पुस्तक त्यांच्यापुढं ठेवून बॅटरी आडवी धरली. त्यांनी चष्मा लावला. एक दांडी कानामागं बसायला वेळ लागला. खाली वाकून, एकेक शब्द ओठांनी लावत, त्यांनी वाचलं.

'अहो, एकदा तरी चष्मा लावून खोडा.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. चेहऱ्यावर आधी हसू आलं, अगदी घरातलं, बायको करवादली की नवऱ्याला येतं तसं.

"चिडलीय ती," ते म्हणाले.

आणि मग त्यांचा चेहरा मोडला. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे. मी बॅटरी धरलेला हात हलू दिला नाही, कारण हात हलला असता तर ओळ दिसेनाशी झाली असती. मी पण रडत होते. त्या पहिल्या वर्षी मी हसले होते, ते मला त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. त्यांच्या रडण्यात आपलं कशाला कालवायचं?

बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं केला. "पेन्सिल द्या जरा."

अकरा वर्षांत त्या माणसानं कुठल्याही पुस्तकात टिंबसुद्धा काढलेलं नव्हतं. मी पेन्सिल दिली. त्यांनी पुठ्ठा मांडीवर घेतला आणि काकूंच्या ओळीखाली, टपालवाल्यांचं असतं तसल्या सुट्या, सरळ अक्षरात एकच शब्द लिहिला.

'लावला.'

लिहून झाल्यावरही त्यांनी पेन्सिल ठेवली नाही. त्या शब्दाखाली बरीच कोरी जागा होती. तिथं ते बघत राहिले, मान जराशी तिरकी करून, स्वयंपाकघरातून काही बोलणं येतंय का ऐकावं तसे. बाहेर चहाची वेळ होऊन गेली होती. माणसं व्हरांड्यात जमल्याचं ऐकू येत होतं. त्या दिवशी घंटा मी वाजवली.